कोठारातलं कोठारात

तिझगारीनच्या कड्यावर आमचं कोठार होतं, तिथे आता दगडांचा ढीग आहे आणि एक पत्र्याची पाटी आहे. पाटी सरकारने लावली. तिच्यावर लिहिलंय की या कोठाराचे शूर राखणदार दर्राजी यांनी फ्रेंचांविरुद्धच्या चौपन्न सालच्या उठावाची हत्यारं स्वतःच्या हाताने लपवली आणि हसत हसत आपला एकुलता एक मुलगा देशावर ओवाळून टाकला. मला वाचायला आलं ते चाळिशीत, स्वातंत्र्यानंतर बायकांचे वर्ग निघाले तेव्हा. त्यामुळे मी सावकाश वाचते, आणि सावकाश वाचलेलं खोटं जास्त टोचतं. मी ती पाटी तीनदा वाचली. हसत हसत! दर्राजी माझे सासरे. उभ्या जन्मात ते किती वेळा हसले हे मी एका हाताच्या बोटांवर सांगेन, आणि चौपन्न साली तर एकदाही नाही.

पाटीवर माझ्या नवऱ्याचं नाव नाही. ओनिसचं. ते का नाही हे गावात सगळ्यांना ठाऊक आहे. पण तो कसा गेला हे माझ्याशिवाय आता कुणालाच ठाऊक नाही, म्हणून हे लिहायला बसले. पाटी लिहिणाऱ्या साहेबांनी विचारलं असतं तर त्यांनाही सांगितलं असतं. विचारलं नाही.

कोठार म्हणजे कड्याच्या अगदी टोकाला बांधलेली तीन मजली दगडमातीची इमारत. गावातल्या प्रत्येक घराची तिच्यात एक खोली. जव, वाळवलेले जर्दाळू, कातड्याच्या बुधल्यातलं लोणी, लेकीच्या लग्नाची चांदी, जे काही जपायचं ते तिथे. खोलीची किल्ली ज्याची त्याच्याकडे आणि खालच्या मोठ्या दाराची किल्ली राखणदाराकडे. ती लाकडाची, कोपरापासून बोटांपर्यंत लांब. सासरे ती खांद्यावर टाकून चालायचे. राहायचेही तिथेच, दाराच्या आतल्या देवडीत. घरी यायचे ते सणाला आणि मयताला. सुगीला प्रत्येक घर त्यांना एक माप जव द्यायचं, त्यात आमचं भागायचं.

राखणदाराचे नियम तीनच. मालक हजर नसेल तर खोली उघडायची नाही. कुणाच्या खोलीत डोकावायचं नाही. आणि कुणी काय ठेवलं, काय नेलं, हे तोंडातून काढायचं नाही. बायकोपुढे नाही, मुलापुढे नाही, काझीपुढेही नाही. 'कोठारातलं कोठारात,' एवढंच म्हणायचे सासरे, आणि पुढचा प्रश्न विचारणाऱ्याकडे पाठ करायचे.

माझी सासू मी लग्न होऊन यायच्या आधीच गेली होती, पण तिची एक गोष्ट गावभर झालेली. ती मधाचा हंडा आपल्या भावाच्या खोलीत लपवून ठेवायची. नवरा गोडघाशा, त्याच्या हाती लागला तर आठवड्यात संपेल म्हणून. दहा वर्षं ती भावाला घेऊन यायची, खोली उघडायला लावायची आणि पदराआड वाडगा लपवून न्यायची. दार उघडून देणारे हेच. दहा वर्षं हा माणूस कोरड्या भाकरीचा घास गिळत राहिला आणि मधाचं नाव काढलं नाही. ती गेल्यावर मेव्हण्याने हंडा घरी आणून दिला तेव्हा म्हणाले, "दाराखालून मुंग्यांची रांग जायची. तिला सांगायला हवं होतं." असा माणूस.

हे वेड त्यांना बापाकडून आलेलं. सोळा साली फ्रेंचांना त्यांच्या युद्धासाठी आमची पोरं हवी होती. पोरं द्यायला डोंगर तयार नव्हता. लष्कर आलं. कुणाच्या तरी खोलीत बंदुकीची दारू आहे अशी खबर होती. कुणाच्या, म्हणून सासऱ्यांच्या बापाला विचारलं. त्याने सांगितलं नाही. त्याला घेऊन गेले तो परत आला नाही. सासरे तेव्हा पंधरा वर्षांचे; दुसऱ्या दिवशी गावाने किल्ली त्यांच्या खांद्यावर ठेवली. "बाबांनी सांगितलं असतं तर एक घर गेलं असतं," ते एकदा मला म्हणाले होते. "नाही सांगितलं म्हणून आमचं गेलं. एकूण एकच."

आता ओनिस. ओनिस माझा लांबचा चुलतभाऊ; आमच्याकडे चुलत घरांत लग्नं होतात. लहानपणी मी त्याला दोनदा ओढ्यात ढकललेलं. मऊ स्वभावाचा. त्याला भांडता यायचं नाही, म्हणून त्याच्या वाटचं मी भांडायचे. आमची मुलगी झेर्फा चौपन्नच्या वसंतात झाली.

त्याआधीची दोन वर्षं पाऊस नव्हता. देवदाराचं रान आमच्या आजोबांचं होतं, मग कधीतरी ते फ्रेंच सरकारचं झालं. म्हणजे झाड तेच, शेळी तीच, फक्त शेळीने पान तोडलं की गुन्हा. जंगलखात्याचे पहारेकरी शेळ्या धरून न्यायचे आणि त्या सोडवायला गेलेला माणूस आठवडाभर चौकीचा रस्ता झाडून यायचा. आमच्या अकरापैकी नऊ शेळ्या अशा गेल्या. झेर्फा पोटात होती आणि माझ्या अंगावर दूध येईल असं घरात काही नव्हतं. तेव्हा चौकीचा मुख्य, त्याला सगळे शेफ म्हणायचे, ओनिसला म्हणाला, तू माझ्याकडे पहारेकरी हो. हिरवा कोट मिळेल, महिन्याचं धान्य आणि साखर मिळेल, आणि तुझ्या शेळ्यांना कोणी हात लावणार नाही.

ओनिसने कोट घेतला. मीच म्हटलं घे.

सासऱ्यांनी त्या दिवसापासून मुलाशी बोलणं टाकलं. चौदा महिने. ओनिस जव ठेवायला कोठारात गेला की ते दार उघडायचे, नियमाप्रमाणे, आणि भिंतीकडे बघत उभे राहायचे. ईदला घरी आले तर आमच्या तिघांचं जेवण असं चालायचं:

"हद्दा, त्या कोटवाल्याला विचार, मीठ त्याच्या बाजूला आहे का."

"मीठ तुमच्या गुडघ्याशी आहे, बाबा."

"मग त्याला सांग की सापडलं."

"ओनिस, तुझ्या बापाला मीठ सापडलं."

"त्यांना सांग, बरं झालं."

"तुम्ही दोघं एकाच ताटात जेवताय," मी म्हणायचे, "आणि मी काय दुभाषी आहे? मला शेफने तरी कोट द्यावा."

ओनिस हसायचा. म्हातारा नाही. पण झेर्फाला मांडीवर घ्यायचे तेव्हा तिला हिरव्या कोटाच्या बाजूला तोंड करून बसवायचे, हे मी पाहिलं होतं.

जवांची कापणी संपली तेव्हा लज़हर गावात परतला. लज़हर आमच्या शेजारचा. फ्रेंचांच्या फौजेतून इंडोचायनात लढून आलेला. थोरला भाऊ पंचेचाळीस सालच्या मे महिन्यात गेलमाला गेला होता बाजारासाठी; तिथे लोकांनी स्वातंत्र्याचे झेंडे काढले म्हणून गोळीबार झाला आणि तो भाऊ परत आला नाही. लज़हर मात्र त्यानंतरही त्यांच्याच फौजेत गेला, पोटासाठी. परतल्यावर पहिल्याच आठवड्यात त्याच्या आईच्या शेळ्या धरल्या. मी त्याला विहिरीवर भेटले तेव्हा म्हणाला, "हद्दा, तिकडे भातशेतीतली उघड्या पायांची माणसं यांना हाकलून लावताना मी बघितली. मी चुकीच्या बाजूने बघत होतो एवढंच."

"जपून बोल," मी म्हटलं. "माझा नवरा कोट घालतो."

"म्हणून तर तुला सांगतोय. तो कोट कधीतरी घरी विसरू दे."

त्या उन्हाळ्यात लज़हरने आपल्या खोलीत गोण्या ठेवल्या. एकदा सात, मग पाच. सासऱ्यांनी दार उघडून दिलं आणि भिंतीकडे बघितलं. पण माणूस नाकाला काय करणार? जवाला बंदुकीच्या तेलाचा वास येत नाही, आणि जवाची गोण खाली ठेवताना खणकत नाही. हे सगळं मला त्यांनी फार नंतर सांगितलं. तेव्हा मला एवढंच दिसत होतं की म्हाताऱ्याचं खाणं कमी झालंय.

ऑक्टोबरच्या शेवटच्या शनिवारी सकाळी लज़हर माणसं घेऊन आला आणि गोण्या काढून नेल्या. जाताना दारात थांबला. "दादा," तो म्हणाला, "ओनिसची उद्या सुट्टी ना?"

"असेल."

"परवाही राहू द्या त्याला घरी. उद्या संध्याकाळी चौकीवर जाऊ देऊ नका." आणि मग, "आम्ही एकोणीस जण आहोत, दादा. कोठारातलं कोठारात."

हा नियम त्याने त्यांना ऐकवला. ज्यांच्या बापाने त्यापायी जीव दिला त्यांना.

आता यावर तुम्ही म्हणाल, मुलाला एक शब्द सांगायचा. मीही म्हटलं, पुष्कळ वर्षं, मनातल्या मनात, ओरडून ओरडून. पण ओनिसला सांगायचं म्हणजे काय? तो शेफचं मीठ खाणारा. शेफ वाईट नव्हता. मागच्या वर्षी मला हिवताप झाला तेव्हा त्यानेच गोळ्या पाठवल्या होत्या. ओनिसच्या पोटात ती गोष्ट राहिली असती का? मऊ माणूस. 'शेफ, तुम्ही उद्या खाली अरिस शहरात झोपायला जा,' एवढं तरी तो बोललाच असता. आणि शेफ काही खुळा नव्हता. एकोणीस घरं गेली असती. म्हणून सासऱ्यांनी विचार केला असणार की खरं सांगायचं नाही, पण मुलाला धरून ठेवायचं. आणि धरून ठेवायला त्यांच्याकडे काय होतं? चौदा महिने त्याच्याशी अक्षर न बोललेला माणूस.

रविवारी सकाळी ते घरी आले. ना सण, ना मयत. किल्ली खांद्यावरून उतरवली, चटईवर आडवे झाले, बर्नूस, म्हणजे टोपीचा लोकरी झगा, डोक्यावरून ओढून घेतला आणि कुडकुडायला लागले.

"काय झालं, बाबा?"

"ताप."

मी कपाळाला हात लावला. गार होतं. मला वाटलं, घाम येऊन गेला असेल. कुणाला शंका येणार? त्या माणसाने आयुष्यात खोटं बोललेलं कुणी ऐकलं नव्हतं. खोटं बोलायची सवय नसलेला माणूस खोटं बोलतो तेव्हा ते किती बेमालूम असतं! आम्हा बाकीच्यांचं लगेच उघडं पडतं, कारण आम्ही रोज बोलतो.

मग बर्नूसच्या आतून आवाज आला. "ओनिस."

ओनिस दारात शेळीला पाणी पाजत होता. त्याच्या हातातलं भांडं पडलं.

"ओनिस, आज जाऊ नकोस. उद्याही नको. माझ्याजवळ बस."

तो बसला. म्हाताऱ्याचा हात धरून बसला, तेविशीतला बाप्या माणूस, डोळे पुसत. मध्येच माझ्याकडे बघायचा, तुला ऐकू आलं का, अशा अर्थाने. मी चूल पेटवली. मलाही बरं वाटत होतं. चौदा महिन्यांनी माझी दुभाषेगिरी संपली होती.

दुपारच्या आत म्हातारा डोळे मिटून निपचित पडला. आता मला कळतं की झोपेचं सोंग करणं तापाच्या सोंगापेक्षा सोपं, म्हणून. तेव्हा मी घाबरले. ओनिसला बाहेर बोलावलं.

"माझ्यासारखाच हिवताप आहे हा," मी म्हटलं. "कपाळ गार पडलंय. शेफच्या पेटीत त्या गोळ्या असतील."

"मला जाऊ नको म्हणालेत."

"कामावर जाऊ नको म्हणाले. औषध आणू नको म्हणाले का? दीड तास जायला, दीड यायला. उन्हं उतरायच्या आत परत येशील. त्यांना जाग यायच्या आत."

तो तयार झाला. कोट चढवला. वारा होता. अंगण ओलांडून गेला आणि मी त्याला हाक मारली.

"आणि ऐक. या महिन्याची साखर तू अजून आणली नाहीस. ती आण."

"आज? आज रविवार आहे, कोठी बंद असेल."

"मग उघडायला लाव. महिना झाला घरात साखर नाही. म्हाताऱ्याला कडू गोळीबरोबर काय देऊ, दगड? साखरेशिवाय आलास तर घरात घेणार नाही."

"बरं, बाईसाहेब," तो म्हणाला. हसला आणि गेला.

खरं सांगते, म्हाताऱ्याचं मी नुसतं निमित्त केलं. साखर मला हवी होती. मला गोड चहा प्यायचा होता. अंगावर पाजणाऱ्या बाईला गोडाची जी भूक लागते ती बाईलाच माहीत. यात पाप काहीच नाही, हे मला माहीत आहे. तरीही.

थोड्या वेळाने म्हाताऱ्याने डोळे उघडले. "ओनिस कुठाय?"

"औषध आणायला गेला. चौकीवर. उन्हं उतरायच्या आत येईल."

तो माणूस चटईवरून असा उठला की पाणी भरलेला माठ लाथेने उलटला. अनवाणी पळाला. त्रेपन्न वर्षांचा, सकाळी हुडहुडी भरलेला. मी झेर्फाला घेऊन मागे धावले. खिंडीच्या तोंडाशी मोठं जुनिपरचं झाड आहे, तिथे तो थांबला आणि ओरडला. "ओनिस! ओनिस रे!" समोरच्या उतारावर ओनिस अंगठ्याएवढा दिसत होता. वारा आमच्याकडे वाहत होता. त्याने वळून पाहिलं, त्याला वाटलं आम्ही निरोप देतोय. त्याने हात हलवला आणि वळणाआड गेला.

"बाबा, तुम्हाला ताप नाही," मी म्हटलं.

किल्ली घरीच राहिली होती, तरी त्यांचा हात खांद्यावर गेला, किल्ली असायची तिथे.

"उन्हं उतरायच्या आत येईल म्हणालास ना?" त्यांनी विचारलं. मला 'म्हणालास' म्हणाले, इतके ते भानावर नव्हते.

"हो."

"मग येईल."

ते झाडाखाली बसले. पुढे का गेले नाहीत, हेही मी नंतर विचारलं. म्हणाले, कोठाराचा राखणदार त्या दिवशी चौकीच्या वाटेला दिसला असता तर लज़हरच्या माणसांनी एकच अर्थ काढला असता. आणि ओनिस परत येणारच होता. गोळ्या घ्यायला किती वेळ लागतो? त्यांचा हिशोब बरोबर होता. दिवस मावळायला बराच वेळ होता.

उन्हं उतरली. ओनिस आला नाही.

सोमवारी सकाळी त्याला खेचरावर घालून बलक़ासमने आणलं. बलक़ासम हा चौकीवरचा दुसरा पहारेकरी. त्याच्या मनगटांवर दोरीचे वळ होते. त्याने अंगणात सगळ्यांना सांगितलं की मध्यरात्रीनंतर माणसं आली. बंदुका न्यायच्या होत्या, रक्त सांडायचं नव्हतं. त्याला आणि शेफला नुसतं बांधून ठेवलं. ओनिस कोट अंगात घालूनच झोपला होता. गडबडीने उठला आणि खिशात हात घातला. अंधारात कुणाला तरी वाटलं पिस्तूल काढतोय. एकच गोळी. कुणाची ते कळलं नाही, आणि झाडणाऱ्यालाही ते कळू नये अशी मी पुढे पुष्कळदा प्रार्थना केली. लज़हर त्याच्याजवळ बसून रडला, असं बलक़ासम म्हणाला. तोच लज़हर छपन्न साली वरच्या रानात मेला.

त्याच दिवशी बातमी आली की बत्ना, अरिस, सगळ्या मुलखात एकाच रात्री असं झालं. लढाई सुरू झाली होती. लोक अंगणात कुजबुजत होते, काहींच्या चेहऱ्यावर, खोटं का बोलू, आनंद होता. आमच्या अंगणातही. मला त्यांचा राग नाही. माझ्याही नऊ शेळ्या नेल्या होत्या.

सासऱ्यांनी ओनिसच्या खिशात हात घातला. आधी कागदाची पुडी निघाली, गोळ्यांची. मग चौकटीच्या रुमालात बांधलेली गाठ, ओलसर, एका बाजूने लाल.

"हे काय?" ते म्हणाले.

लज़हरच्या आईने गाठ सोडून पाहिली. "साखर आहे, दादा. तुमच्यासाठी आणली असेल पोरानं. आजारी होतात ना."

त्यांनी ती गाठ दोन्ही हातांत धरली. मी तिथेच होते. दोन हातांवर.

बलक़ासम निघाला तेव्हा मी त्याला विहिरीपाशी गाठलं. "तो दिवस असताना का निघाला नाही?"

"गोळ्या तर आल्या आल्या मिळाल्या," तो म्हणाला. "औषधाची पेटी उघडीच असते. पण कोठीची किल्ली शेफकडे, आणि शेफ अरिसला गेलेला. मी म्हटलं, जा, साखर उद्या ने. तर म्हणाला, साखरेशिवाय गेलो तर हद्दा घरात घेणार नाही. हसत होता. शेफ आला दिवेलागणीला. मग मीच म्हटलं, आता या वाटेनं कुठं जातोस, पहाटे जा. माझीच चूक, हद्दा. मीच म्हटलं."

मी त्याला नाही म्हटलं नाही. माझ्याही वाट्याची चूक त्याला घेऊन जाऊ दिली.

पुढचं थोडक्यात सांगते, कारण ते सगळ्या डोंगराचं सारखंच आहे. विमानांनी कागद टाकले, गावं खाली करा म्हणून. मग लष्कर आलं. अधिकारी दुभाष्याबरोबर कोठाराच्या दारात उभा राहिला आणि खोल्या उघडा म्हणाला.

"मालक हजर नसताना उघडत नाही," सासरे म्हणाले.

"मालक कुठे आहेत?"

"ते आले की त्यांनाच विचारा."

"हत्यारं कुणाच्या खोलीत होती?"

सासरे भिंतीकडे बघत उभे राहिले. बंदुकीच्या दस्त्याने त्यांचे समोरचे दात पाडले, तरी भिंतीकडेच बघत. मग सैनिकांनी सुरुंग लावले. गावाचे जव, जर्दाळू, बुधले, सगळं कड्यावरून खाली ओढ्यात गेलं, आणि ओढा तीन दिवस लोण्याने तेलकट वाहत होता. म्हणून पाटीवर 'स्वतःच्या हाताने लपवली' वाचलं की माझं डोकं फिरतं. त्यांनी काही लपवलं नाही. त्यांनी फक्त दार उघडलं, आयुष्यभर उघडलं तसं, आणि तोंड मिटलं.

आम्हाला अरिसखालच्या छावणीत नेलं. तारेचं कुंपण, पत्र्याच्या खोल्या. दारच नसलेल्या खोलीत ते किल्ली उशाशी घेऊन झोपायचे. साखर त्यांनी त्या सोमवारपासून तोंडात घातली नव्हती. गोडघाशा माणूस. मीही घातली नव्हती. त्यांना वाटायचं, त्यांच्यासाठी सोडली.

दुसऱ्या हिवाळ्यात एका दुपारी छावणीत पहिल्यांदा साखर वाटली. मी रांगेतून घेऊन आले, चहा केला, त्यांचा बिनसाखरेचा. झेर्फा पत्र्यावर टकटक करत खेळत होती. त्यांनी पेला हातात घेतला आणि प्यायले नाहीत.

"हद्दा, मला ताप नव्हता."

"माहीत आहे, बाबा."

"मला सगळं माहीत होतं. लज़हरने सांगितलं होतं." आणि मग त्यांनी सगळं सांगितलं, गोण्या, वास, एकोणीस जण, झाडाखालचा हिशोब. दात नसलेल्या तोंडातून, अडखळत. चाळीस वर्षांत कोठारातली एक गोष्ट बाहेर काढलेली ती पहिलीच. "त्याला खरं सांगितलं असतं तर तो वाचला असता. नाहीतर काहीच बोललो नसतो, तरी तू त्याला औषधाला पाठवलं नसतंस. मी खोटं बोललो. एकदाच बोललो."

मला राग आला. असा राग की हातातला पेला त्यांच्या अंगावर फेकावा. माझ्या नवऱ्याचा जीव या माणसाच्या एका वाक्यावर होता, आणि हा भिंतीकडे बघत बसला. तो राग आता नाही. पण तेव्हा त्याचा मला फार उपयोग झाला.

ते रुमाल काढून बसले होते, तोच, चौकटीचा, धुऊन धुऊन विरलेला. "गोळ्यांचं एक वेळ समजतं," ते म्हणाले. "पण त्यानं माझ्यासाठी साखरही मागून घेतली. चौदा महिने मी त्याच्याशी बोललो नाही. आणि पोरानं आठवण ठेवली, की म्हातारा गोडघाशा आहे."

आणि ते रडायला लागले. त्यांना रडताना मी ओनिसच्या दफनालाही पाहिलं नव्हतं.

एक वाक्य होतं माझ्या तोंडात. साखर मी मागितली होती, बाबा. माझ्यासाठी. गोळ्या घेऊन तो दिवसाउजेडीच घरी आला असता. तुमचा हिशोब बरोबर होता. एवढंच. त्याने ओनिस परत आला नसता, पण त्या म्हाताऱ्याचं अर्धं ओझं उतरलं असतं. पुढच्या वसंतात ते गेले, पुरं ओझं घेऊन.

मी झेर्फाला जवळ ओढलं आणि म्हटलं, "चहा निवतोय, बाबा. घ्या."